हिरवी गच्ची, साताऱ्याच्या हवेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्लॅब, गळती आणि वॉटरप्रूफिंग याच धंद्यात माझी बावीस वर्षं गेली. अलीकडे गळतीसाठी बोलावणारे लोक गच्ची बघून झाली की हळूच विचारतात, "इथं हिरवळ केली तर?" मग प्रश्नामागून प्रश्न येतात आणि चहा गार होतो. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे उत्तरांसकट मांडले आहेत. मी स्वतः या गच्च्यांच्या बाजूचा आहे. तरी "घर दहा डिग्रीने थंड होईल, पूर थांबेल, प्रदूषण जाईल" असं कोणी सांगत असेल, तर आधी खालची उत्तरं वाचा.

हिरवी गच्ची म्हणजे नेमकं काय? कुंड्या ठेवल्या की झाली का?

नाही. कुंड्या म्हणजे गच्चीवरची बाग. चांगलीच गोष्ट आहे, पण दोन कुंड्यांमधली फरशी तापायची ती तापतेच, आणि पाऊस पडला की पाणी सरळ पाइपात जातं. हिरव्या गच्चीत स्लॅबवर मातीचा अखंड थर असतो. खालून वर जायचं तर आधी स्लॅब, त्यावर वॉटरप्रूफिंग, मग मुळं खाली जाऊ न देणारी जाड प्लास्टिकची शीट, पाणी वाहून जायला खड्ड्याखड्ड्यांची ड्रेनेज शीट किंवा खडीचा थर, माती गळू नये म्हणून जिओटेक्स्टाइल कापड, मग हलकी माती आणि शेवटी झाडं. लोकांचं लक्ष शेवटच्या थरावर असतं, माझं पहिल्या तीनवर.

थर साधारण १५ सेंटीमीटरच्या आत असेल तर ती पातळ गच्ची. त्यावर गवत, मांसल पानांची झाडं, पावसाळी फुलं येतात आणि देखभाल कमी लागते. त्याहून जाड थरात झुडपं, भाजीपाला, अगदी छोटी झाडंही येतात, पण त्यासाठी इमारत त्या वजनाच्या हिशोबानेच बांधलेली असावी लागते. आपल्या पेठांतल्या आणि कॉलन्यांतल्या बहुतेक घरांसाठी पातळ प्रकारच खरा, म्हणून पुढचं सगळं त्याविषयीच आहे.

ही परदेशी फॅशन आपल्याकडे कशाला?

मातीचं छत आपल्याला नवीन नाही. माण-खटावकडे, तिकडे आटपाडी-जतकडे माळवदाची घरं अजून सापडतात. तुळया, त्यावर लाकडी किलच, म्हणजे आडव्या बसवलेल्या पट्ट्या, आणि वर पांढऱ्या मातीचा चांगला जाड थर. बाहेर रणरणतं ऊन असलं तरी आत सोप्यात गारवा. पावसाआधी वर नवी माती पसरायची, पाऊस लागला की ती फुगून फटी बुजायच्या, आणि श्रावणात माळवदावर गवत उगवायचं. ते गवत मुद्दाम लावलेलं नसे, उलट उपटून टाकत. पण मातीच्या थराने घर गार राहतं हे त्या घरांना माहीत होतं. नंतर स्लॅब आले, माळवद गेलं आणि पंखा आला.

आज ज्याला हिरवं छत म्हणतात त्याचं तंत्र मुख्यतः जर्मनीत १९७० नंतर पक्कं झालं. तिथलं तंत्र घ्यावं, झाडं मात्र तिथली घेऊ नयेत. 'सेडम' नावाच्या झाडाच्या चटया तिकडे सर्रास वापरतात. आपल्या चार महिन्यांच्या ओलीत त्या सडण्याचा धोका मोठा असतो.

मग साताऱ्यासाठी नमुना कोणता?

कासचं पठार. हे कौतुक म्हणून सांगत नाही, बांधकामवाल्याच्या नजरेने सांगतो. शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर, सुमारे १२०० मीटर उंचीवर जांभ्या खडकाचा एक प्रचंड सपाट स्लॅब आहे. त्यावर माती कुठे दोन बोटं, कुठे चार बोटं. खाली मुळं जायला जागा नाही, वर आडोसा नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत सगळं पाण्यात उभं आणि मार्च-एप्रिलमध्ये तापलेला तवा. तरीही तिथे ८५० च्या वर जातींच्या वनस्पतींची नोंद आहे. पश्चिम घाटाचा जो भाग २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला, त्यात कासही आहे. तिथल्या वायतुरा या फुलाच्या शास्त्रीय नावात तर चक्क साताऱ्याचं नाव आहे, 'ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस'.

पातळ गच्चीवर झाडांना ज्या अडचणी येतात त्या सगळ्या कासवर आधीच सुटलेल्या आहेत. तिथली सोनकी आणि तेरडा पावसात घाईघाईने फुलतात, बी टाकतात आणि संपतात. काही झाडं कंद होऊन मातीत दडी मारतात. आणि जांभळी 'सीतेची आसवं' चक्क किडे खाते, कारण त्या मातीत नत्र नावालाच आहे. म्हणजे निकृष्ट माती हीच तिथली अट आहे. गच्चीवर शेणखताच्या पाट्या ओतणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. माती श्रीमंत झाली की रानातली चिवट झाडं हटतात आणि तण माजतं.

दुसरी गोष्ट, कास बारा महिने हिरवं नसतं. ऑक्टोबरनंतर ते पिवळं पडतं, मग तपकिरी. तुमची गच्चीही पडेल. ते बिघडलं असं समजून फोन करू नका.

कासहून झाडं आणून लावली तर?

अजिबात नको. पठार संरक्षित आहे, तिथलं फूल तोडायलाही बंदी आहे. शिवाय उपटून आणलेलं झाड गच्चीवर जगत नाही, म्हणजे चोरी करूनही हाती काही लागत नाही. शिकायचं ते जगण्याचं तंत्र. सोनकी-तेरड्यासारखी साधी पावसाळी झाडं शहराभोवतीच्या रिकाम्या प्लॉटवर आणि रस्त्याकडेला भरपूर असतात. त्यांचं बी ऑक्टोबरमध्ये मूठभर गोळा करता येतं.

उन्हाळ्यात घर खरंच थंड होतं का?

वरच्या मजल्याला फरक पडतो, खालच्याला जवळजवळ नाही. हे आधी सांगितलेलं बरं.

होतं काय ते बघा. एप्रिल-मे महिन्यांत उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खोलीत ओकतो. म्हणून रात्री अकरालाही पंख्याखाली गरम वारा लागतो. मातीचा थर असेल तर ऊन स्लॅबपर्यंत पोचतच नाही. कोरडी मातीही एवढं काम करते. माती ओली आणि झाडं जिवंत असतील तर दुसरी गोष्ट होते, तीच जी माठात होते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ०.६८ युनिट विजेइतकी उष्णता लागते. गच्चीवरून दिवसाला शंभर लिटर पाणी वाफ होऊन गेलं, तर दीड टनाचा एसी बारा-तेरा तासांत जेवढी उष्णता बाहेर टाकतो तेवढी त्या वाफेबरोबर गेली. ही सगळी उष्णता तुमच्या खोलीतून निघत नाही. बरीचशी उन्हाची असते, ती स्लॅबमध्ये शिरायच्या आधीच उडून जाते.

अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या मार्गदर्शिकेत हिरव्या छताचा पृष्ठभाग नेहमीच्या छतापेक्षा १७ ते २२ अंश सेल्सिअसने थंड राहू शकतो असं दिलं आहे. हा आकडा पृष्ठभागाचा आहे, खोलीतल्या हवेचा नाही. जाहिरातीत या दोन्हींची सरमिसळ करतात.

शहराचं म्हणाल तर एका गच्चीने पोवई नाक्यावरचं ऊन कमी होत नाही. पण एसी जी उष्णता रस्त्यावर ओततो ती हिरवी गच्ची ओतत नाही, आणि रात्री उष्णता सोडणारा एक स्लॅब कमी होतो. आळीतल्या वीस-पंचवीस घरांनी केलं तर असे वीस-पंचवीस स्लॅब कमी होतात.

मग नुसता पांढरा चुना मारला तर?

फक्त उन्हाचा त्रास असेल तर तेच करा. स्वस्त आहे, वजन नाही, गळतीची भीती नाही, आणि पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो. दर मार्चला हात मारावा लागतो एवढंच. चुना पाणी धरत नाही, त्यावर फुलपाखरू बसत नाही आणि वॉटरप्रूफिंगला उन्हापासून तो मातीइतकं जपत नाही. मी कित्येकांना चुना सांगून परत आलोय. माझं काम गेलं, पण त्यांचे पैसे वाचले.

पावसाचं पाणी किती अडतं?

इथे जून आणि जुलै वेगळे धरावे लागतात.

हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे ९३ चौरस मीटर. तीन इंच हलकी माती चौरस मीटरला वीस-बावीस लिटर पाणी धरते. मे महिन्यात वीस मिलिमीटरचा वळीव आला, तर उघड्या गच्चीवरून अठराशे लिटर पाणी पंधरा-वीस मिनिटांत खाली येतं. तेच कोरड्या मातीच्या गच्चीवर पडलं तर जवळजवळ सगळं मातीत मुरतं, पाइपातून थेंब-थेंब येतं.

जुलैत मात्र माती आधीच भरलेली असते. तेव्हा पडेल तेवढं पाणी बाहेर जाणार, फक्त जरा सावकाश. तरी या सावकाशपणालाही किंमत आहे. सातारा अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलंय. वरच्या आळ्यांमधलं पाणी धावत खाली येतं आणि गटारं एकाच वेळी तुंबतात. सगळ्या छपरांचं पाणी एकदम न येता अर्धा-पाऊण तास मागेपुढे आलं, तर तेवढ्याच गटारातून ते निघून जातं.

युरोपातल्या अभ्यासांत "वर्षाच्या पावसातलं निम्म्याहून अधिक पाणी अडतं" असे आकडे येतात. तिथे पाऊस वर्षभर थोडा-थोडा पडतो. आपल्याकडे चार महिन्यांत कोसळतो. तो आकडा इथे चिकटवू नये.

सांगलीतले पाहुणे विचारतात, याने कृष्णेचा पूर कमी होईल का?

नाही. पाण्याची वाट मात्र खरी आहे. आपल्या गच्चीवरचं पाणी ओढ्याने वेण्णेत किंवा कृष्णेत, संगम माहुलीवरून पुढे कराड आणि तिथून सांगली. म्हणून प्रश्न येतो. पण हिशोब करा. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर चांगली दहा सेंटीमीटर माती असली तर ती फार तर २,८०० लिटर धरेल. धरणांचं पाणी टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत मोजतात; एक टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटर. म्हणजे एका टीएमसीसाठी अशा एक कोटी गच्च्या लागतील, आणि एकट्या कोयनेचा साठा १०५ टीएमसी आहे. २००५, २०१९, २०२१ चे पूर घाटातल्या दिवसेंदिवस चाललेल्या पावसाचे होते. त्यात गच्चीची माती पहिल्या तासातच भरून गेली असती. सांगलीत आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी गच्च्यांनी उतरत नाही. गल्लीतलं गटार तुंबायचं थांबतं, तेवढंच आपण मागावं.

माझा स्लॅब वजन पेलेल का?

हा प्रश्न सगळ्यांत आधी यायला हवा, पण लोक झाडांची नावं आधी विचारतात.

आयएस ८७५ या भारतीय मानकात माणसं वावरतात अशा सपाट गच्चीसाठी चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरतात. जिथे कोणी जात नाही त्या छताला त्याच्या निम्मा. आता शेतातली काळी माती घ्या. भिजली की ती घनमीटरला सतराशे किलोपर्यंत जाते. दहा सेंटीमीटरचा, म्हणजे चार इंचांचा थर टाकला की चौरस मीटरला १७० किलो झाले. माणसं, टाकी, पापड वाळत घालणारी आजी अजून त्यात धरलेली नाही. हजार फुटांच्या गच्चीवर हे वजन पंधरा-सोळा टन होतं. ऊस भरलेली दोन ट्रॉल्यांची गाडी घरावर उभी केल्यासारखंच जवळजवळ.

त्यात आपल्याकडच्या जुन्या गच्च्यांवर गळती थांबवायला विटांच्या तुकड्यांचा कोबा घातलेला असतो. काही ठिकाणी कोब्यावर कोबा. त्याचं वजन कोणी मोजलेलंच नसतं. म्हणून मी आधी कोपऱ्यात एक भोक पाडून कोब्याची जाडी बघतो. मग स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. तो खांब, तुळया, बार गंजलाय का ते बघून किती किलो चालेल हे लिहून देईल. तोंडी "चालतंय की" असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका, मग तो मीच असलो तरी.

हलकं मिश्रण असं: कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), विटांचा बारीक चुरा, गांडूळखत थोडंसं, आणि कुजलेलं उसाचं पाचट. पाचट आपल्याकडे फुकटात मिळतं, आणि शेतात जाळून धूर करण्यापेक्षा इथे आलेलं केव्हाही बरं. भिजलेलं असं मिश्रण घनमीटरला साधारण हजार-अकराशे किलो भरतं. तीन इंचांचा थर म्हणजे चौरस मीटरला ८० च्या आसपास. चांगल्या स्थितीतल्या स्लॅबला एवढं बहुधा झेपतं.

गळणार नाही ना?

माझी स्वतःची पहिली गच्ची गळली. गोडोलीतल्या घरावर मी एका मे महिन्यात मामाच्या शेतातली काळी माती टाकली. धंद्यातला माणूस, त्यामुळे कोणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. पाणी जायच्या पाइपाला जाळी बसवायची राहिली होती, म्हटलं बसवू सावकाश. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात भोपळ्याचं एक पान जाऊन पाइपाच्या तोंडावर बसलं. काळी माती फुगून तिची गच्च लापशी झालेली, पाणी खाली सरकेना. सकाळी आई म्हणाली, "अरे, माझ्या खोलीत वर नकाशा उमटलाय." बघतो तर छताला ओल आणि पंख्याच्या दांडीवरून थेंब. खाली घमेलं ठेवलं. वर गेलो तर चार बोटं पाणी साठलेलं. हात घालून ते पान काढलं तेव्हा पाइपाने जो आवाज केला तो अजून आठवतो. आईने पुढे दोन वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला घमेल्याची गोष्ट सांगितली.

त्यातून तीन नियम झाले. काळी माती वर न्यायची नाही. वॉटरप्रूफिंग झालं की पाइपाची तोंडं बंद करून गच्चीत पाणी तुंबवायचं, तीन दिवस ठेवायचं आणि खालून प्रत्येक खोली बघायची. या चाचणीशिवाय वर मातीचं एक घमेलंही चढवायचं नाही. आणि प्रत्येक पाइपाच्या तोंडाभोवती फूटभर जागा माती न टाकता नुसती खडी भरून मोकळी सोडायची, वर जाळी, म्हणजे वाकून हात घालता येतो. गच्चीला किमान दोन तोंडं हवीत. एक चोंदलं तर दुसरं.

नीट केलेल्या मातीच्या थराखाली वॉटरप्रूफिंग उलट जास्त टिकतं, कारण गळतीचं मोठं कारण म्हणजे ऊन. दुपारी तापून फुगणं, रात्री आकसणं, त्यातून पडणाऱ्या केसासारख्या भेगा. मातीखाली हा खेळ फार कमी होतो.

आमचा जुना वाडा आहे. / आमच्या गच्चीवर पत्र्याची शेड आहे.

वाड्याची कौलं आणि लाकूड यावर काही चढवू नका. त्याची माती भिंतीत आहे तेवढी पुरे.

पत्र्याचं म्हणाल तर अर्ध्या साताऱ्याने गळतीवर उपाय म्हणून गच्चीवर पत्रा टाकलाय. पाऊस अडतो, पण उन्हाळ्यात पत्र्याखालची हवा भट्टीसारखी होते. पत्र्याला मातीचं वजन झेपणार नाही. त्याच्या कडेला मोठ्या ड्रममध्ये दोडका, घोसाळं, दुधी लावा आणि पत्र्यावर वीतभर उंच जाळी बांधून वेल तिच्यावर चढवा. वेल थेट पत्र्यावर सोडला तर एप्रिलमध्ये पानं करपतात. छपरावर भोपळा चढवायची आपली जुनी रीतच आहे ही.

एवढं पाणी उन्हाळ्यात आणायचं कुठून?

लॉनचा हट्ट असेल तर उत्तर नाही. हिरव्यागार गवताला मे महिन्यात चौरस मीटरला दिवसाला पाच-सहा लिटर पाणी लागतं. पन्नास मीटरचं लॉन म्हणजे तीनशे लिटर. शहरात माणशी १३५ लिटरचं मानक धरलं तर दोन माणसांचं पाणी गवताने प्यायलं. ज्या शहरात पाणी पुरवणारा कासचा तलाव किती खाली गेला याची चर्चा एप्रिलमध्ये कट्ट्यावर होते, तिथे हे पर्यावरण म्हणून सांगता येणार नाही.

मी दोन भाग करतो. मोठा भाग कासच्या चालीने, पावसाळ्यात हिरवा, उन्हाळ्यात वाळका. वाळलेलं गवत कापून तिथेच पसरायचं, तेही ऊन अडवतं. ज्या खोलीवर ऊन जास्त येतं तिच्यावरचा छोटा भाग तेवढा उन्हाळ्यात ओला ठेवायचा, तोही भाज्या-तांदूळ धुतलेल्या आणि एसीतून ठिबकणाऱ्या पाण्यावर. आरओचं टाकाऊ पाणी रोज घालू नका. त्यात क्षार जास्त असतात, पातळ मातीत ते साचतात आणि जानेवारीपर्यंत वर पांढरा पापुद्रा दिसायला लागतो.

कोणती झाडं टिकतात?

पानफुटी, कोरफड, घोळ, चिनी गुलाब ही बारमाही चिवट मंडळी. घोळ भाजीला होते हा वरचा फायदा. पावसाळ्यासाठी तेरडा आणि सोनकी. कडेला, जिथे मातीचा थर थोडा जाड देता येतो तिथे गवती चहा. वाऱ्याचा विचार करा. चाळकेवाडीला पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत, आणि गच्चीवर तो वारा कोवळं रोप अक्षरशः उपटतो. उंच काही लावू नका. घायपात शोभतो, पण त्याचे काटे शीटला भोक पाडतात.

वड, पिंपळ, उंबर मात्र कोणी न लावता येणार. पक्षी बी टाकतात. दोन पानांचं रोप असतानाच काढा. एका वर्षात मूळ भेगेत शिरतं, मग पिंपळ काढायचा म्हणजे कठडा फोडायचा. आमच्याकडे पिंपळ उपटायला लोक कचरतात, त्यांना मी रोप कुंडीत घेऊन नदीकाठी लावायला देतो.

पक्षी, फुलपाखरं खरंच येतात?

येतात, आणि मला वाटतं पर्यावरणाचा सगळ्यात भरवशाचा फायदा हाच. थंडावा पाण्यावर अवलंबून, पाणी अडणं महिन्यावर अवलंबून, पण फूल आलं की मधमाशी येतेच.

स्वित्झर्लंडमध्ये झुरिक शहराला पाणी पुरवणारं एक गाळणी केंद्र १९१४ साली बांधलं. आतलं पाणी गार राहावं म्हणून त्याच्या काँक्रीटच्या छतावर आसपासच्या कुरणातली माती पसरली. त्या मातीत आलेलं बी उगवलं. पुढे भोवतालची कुरणं शेतीत आणि शहरात गेली, पण छतावर ती राहिली. आज तिथे सुमारे १७५ जातींच्या वनस्पती आहेत, त्यांत खाली जमिनीवर दुर्मीळ झालेली ऑर्किडही. छत पाण्यासाठी केलं आणि राखलं गेलं कुरण.

आपल्याकडे बांधकामाला प्लॉट खणतात तेव्हा वरची दोन-चार इंच माती डंपरमध्ये भरून कुठेतरी टाकून देतात. त्यातली दोन-तीन पाट्या माती गच्चीच्या मिश्रणात मिसळा. त्या जागेचं बी तिच्यात असतं. माझ्या गच्चीवर पहिल्या श्रावणात मी न लावलेली अकरा प्रकारची रोपं आली. चार ओळखता आली, बाकीची शेजारच्या आजींनी ओळखली.

कार्बन किती शोषला जातो?

थोडा. अमेरिकेत मिशिगनमध्ये पातळ हिरव्या छतांवर दोन वर्षं मोजमाप झालं, तेव्हा चौरस मीटरला ३७५ ग्रॅम कार्बन साठला. शंभर मीटरच्या गच्चीचा हिशोब कार्बन डायऑक्साइडमध्ये केला तर साधारण १३७ किलो, म्हणजे साठ लिटर पेट्रोल जाळल्याइतका. मोटरसायकलचा दोन-तीन महिन्यांचा धूर भरून निघाला. त्यासाठी गच्ची करू नका, एसी कमी लागला तर होणारी बचत जास्त महत्त्वाची.

हिरवं कृत्रिम लॉन टाकलं तर?

ते प्लास्टिक आहे. उन्हात स्लॅबहून जास्त तापतं. पाय ठेवून बघा.

सोलर पॅनेल आधीच आहेत. दोन्ही जमतं का?

जमतं. पॅनेल २५ अंशांच्या वर तापलं की प्रत्येक अंशामागे त्याची वीज साधारण ०.४ टक्क्याने घटते. खाली तापलेल्या फरशीऐवजी झाडं असली तर पॅनेलभोवतीची हवा थोडी कमी तापते. फायदा बेताचाच. पॅनेलच्या सावलीत ओल टिकते, तिथे पावसाळी झाडं जास्त दिवस हिरवी राहतात हे मात्र मी डोळ्यांनी बघितलंय. स्टँडचे पाय वॉटरप्रूफिंगमध्ये भोकं पाडून ठोकलेले नाहीत ना, ते आधी बघा.

डास, साप, माकडं?

डास साचलेल्या पाण्यात होतात, ओल्या मातीत नाही. पाणी आठवडाभर कुठे साठलं तर उतार चुकलाय. साप मी एकदाही बघितला नाही. माकडं येतात. ती कोरफडीकडे बघत नाहीत, टोमॅटोकडे बघतात.

सोसायटीत कोणाची परवानगी लागते?

गच्ची सामाईक असते, त्यामुळे सर्वसाधारण सभेत ठराव हवा. त्याबरोबर इंजिनिअरचं लेखी पत्र, आणि पाइपाची तोंडं कोण साफ करणार त्याचं नाव इतिवृत्तात लिहून घ्या. वरच्या मजल्यावाल्याचा विरोध असतो, आणि गळतीची भीती त्यालाच असल्याने तो रास्त आहे. पाणी तुंबवायच्या चाचणीला त्यालाच बोलवा.

परदेशात सक्ती आहे म्हणतात. आपल्याकडे करावी का?

स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरात २००२ पासून नव्या सपाट छतांवर हिरवळ बंधनकारक आहे, आणि माती जवळपासची वापरावी असा आग्रह आहे. कॅनडात टोरांटोने २००९ साली मोठ्या नव्या इमारतींसाठी नियम केला. आपल्याकडे सरसकट सक्ती नको. वजन न बघता केलेल्या गच्च्या धोक्याच्या ठरतील. नव्या शाळा, मंगल कार्यालयं, सरकारी इमारती यांचा स्लॅब काढतानाच चौरस मीटरला आणखी शंभर किलो भार धरला तर पुढची अडचण संपते. नकाशावर असताना हे काम सोपं असतं.

खर्च किती येतो?

चौरस फुटाचा दर फोनवर मागू नका. वॉटरप्रूफिंग ठीक असेल तर खर्च मातीचा आणि शीटचा. ते गेलेलं असेल तर निम्म्याहून जास्त पैसा झाडं दिसायच्या आधीच जातो. आणि तो तसाही जाणारच होता.

काम कधी सुरू करावं?

फेब्रुवारीत भेगा भरणं आणि वॉटरप्रूफिंग. मार्चमध्ये पाणी तुंबवून चाचणी, कारण एप्रिलनंतर तेवढं पाणी मागायला तोंड राहत नाही. मेमध्ये शीट आणि माती. माती पोत्यांतून चढवा आणि सगळ्या गच्चीवर सारखी पसरत जा, मधोमध ढीग करू नका. पहिला वळीव नुसत्या मातीवर पडू द्या, म्हणजे ती बसते आणि पाणी कुठे थांबतं ते दिसतं. बी आणि रोपं मृगाच्या पावसानंतर. जूनपासून दर रविवारी जाळी काढून पाइपात हात घालायचा. आमच्याकडे ते आईने माझ्याकडून वदवून घेतलंय, आणि ती खालून विचारते, "पान निघालं का?"